दुरुस्त केलेला जुना पिकअप ठेवावा की विकावा?

"इंजिनवर सत्तर हजार घातलेत, आता गाडी कशी विकायची?" हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. घातलेले पैसे गाडी ठेवली तरी परत येत नाहीत, आणि विकली तरी गिऱ्हाईक बिलाइतका भाव वाढवून देत नाही. बघायचं ते पुढच्या दोन वर्षांकडे.

गॅरेजमधून गाडी आली त्याच आठवड्यात काही ठरवू नका. बोअर-पिस्टनचं काम झालं असेल तर पहिले १,००० किलोमीटर हलक्या लोडवर काढा, ऑइल-फिल्टर बदला आणि पुढच्या १,०००मध्ये ऑइल मोजा. मोजायचं सकाळी, गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना. या दुसऱ्या हजारात पाऊण-एक लिटर वरून ओतावं लागलं तर पिस्टनच्या रिंगा नीट बसलेल्या नाहीत. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूने निसटून वर येणारा दाब, बघा. थोडी वाफ चालते, फकफक धूर आला तर काम फसलंय. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय.

खरी गोम चॅसीत, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्यात असते, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. इंजिन पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स जुना मिळतो. चॅसी गेली की गाडी गेली. तरी लोक धूर बघतात, टायर बघतात आणि गाडीखाली वाकून बघत नाहीत. गाडी रॅम्पवर घ्या, प्रेशरने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या लोखंडावर चीर दिसत नाही. मग टॉर्च घेऊन तीन जागा बघा: मागच्या पाट्यांची (स्प्रिंगची) ब्रॅकेट चॅसीला बसतात तिथे, स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती आणि केबिन संपून हौदा (माल भरायची जागा) सुरू होतो तिथे. रंगाखालून तांबूस बारीक रेघ उतरलेली दिसली तर ती चीर समजा. रिव्हेटभोवती गंजाची भुकटी असेल तर रिव्हेट सैल झालाय. लहान हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड टणटणतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. मासळी, बर्फ किंवा खत वाहिलेल्या गाडीला हे हमखास करा, कारण खारं पाणी आतून खातं. शेवटी केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर आणि खाली मोजा. फरक दिसला तर आधी हौद्याचे बोल्ट आणि केबिनचे रबर तपासा. ते ठीक असूनही फरक राहिला तर चॅसी वाकली आहे.

"वेल्डिंग मारून देतो, दहा वर्षं बघायला नको," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आडवा टाका मारला की लोडखाली त्याच्याच कडेला नवी चीर पडते. ब्रॅकेटपाशी चीर असेल तर गाडी विकून टाका, आणि घेणाऱ्याला ती चीर दाखवूनच भाव करा. त्या गाडीत उद्या माणसं बसणार आहेत.

चॅसी चांगली निघाली तरच आकडेमोड. आजचा भाव वजा दोन वर्षांनंतरचा भाव, अधिक दोन वर्षांचा खर्च, भागिले २४. समजा आज ३,२०,००० येतात आणि तेव्हा २,३०,००० येतील. टायर, क्लच, बॅटरी, विमा, पासिंग (फिटनेस तपासणी) मिळून १,५०,००० धरा. महिना १०,००० पडला. त्यात गाडी उभी राहिल्याने बुडणारं भाडं मिळवा. ते लोक हमखास विसरतात. नव्या गाडीचंही असंच गणित मांडा, व्याज धरून. माझं मत स्पष्ट आहे: चॅसी धड, ऑइल स्थिर आणि महिन्याला दोन दिवसांपेक्षा कमी खोळंबा, तर गाडी ठेवा.

वयही बघा. व्यावसायिक गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागतं, आणि १५ वर्षं ओलांडलेल्या गाड्यांचं पासिंग शुल्क १ एप्रिल २०२२पासून बरंच वाढलंय. चौदाव्या वर्षात असाल तर विकण्याचा विचार आत्ताच करा.

विकायचं ठरलं तर बँकेचा बोजा आधी उतरवा, फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलायला टाका. नुसत्या सह्या करून हे टीटी (नाव बदलायचे) फॉर्म एजंटाच्या हातात देऊ नका. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. गाडी देतानाची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या, दोघांच्या सह्यांची, आणि आरसीवर नवं नाव चढलेलं बघेपर्यंत ती जपून ठेवा.