'सारखा' दिसला म्हणून उपमा म्हणू नका

अलंकार ओळखा म्हटलं की मुलं वाक्यात 'सारखा', 'प्रमाणे', 'परी', 'सम' शोधतात आणि सापडला की 'उपमा' लिहून मोकळी होतात. व्याकरण शिकवताना ही सवय मी पहिल्याच तासाला मोडायला घेते. 'तुझ्यासारख्या हुशार मुलीने असं बोलू नये.' यात 'सारख्या' आहे, पण तुलना कुठे आहे? ती हुशार मुलगी तूच की!

म्हणून आधी दोन वेगळ्या वस्तू शोधा. 'त्याचा राग विस्तवासारखा भडकला' हे वाक्य घ्या. बोलणं चाललंय रागाबद्दल, म्हणून राग हे उपमेय. तुलना विस्तवाशी, म्हणून विस्तव हे उपमान. भडकणं हा दोघांतला साधारण धर्म, म्हणजे समान गुण, आणि 'सारखा' हा साधर्म्यवाचक शब्द. चारही हजर असले की पूर्णोपमा, एखादा गाळला की लुप्तोपमा. 'कमलनयन' म्हणताना 'सारखा' उच्चारलाच जात नाही, तरी उपमा आहेच.

संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात उपमेची व्याख्या तीन शब्दांत केली आहे: 'साधर्म्यमुपमा भेदे'. भेद असताना सांगितलेलं साम्य म्हणजे उपमा. मला यातला 'भेदे' हा शब्द सगळ्यात मोलाचा वाटतो. राग रागच राहतो, विस्तव विस्तवच, आणि तरीही दोघांत काहीतरी जुळतं. या भेदाचं पुढे काय होतं ते पाहत गेलात, तर बाकीचे अलंकार पाठ करावे लागत नाहीत.

'त्याचा राग म्हणजे जणू विस्तवच!' इथे भेद डळमळला, ही उत्प्रेक्षा. ('जणू'सारखंच 'वाटतं'ही उत्प्रेक्षेत येतं, पण 'मला वाटतं पाऊस येईल' यातलं 'वाटतं' मात्र साधा अंदाज आहे, त्याला उत्प्रेक्षा म्हणू नका.) 'त्याच्या रागाच्या विस्तवात घराची शांतता जळाली' यात राग आणि विस्तव एकरूप झाले, म्हणून रूपक. 'हा राग नव्हे, विस्तव आहे' असं म्हणत उपमेयच नाकारलं की अपन्हुती. 'त्याचा राग विस्तवाहून दाहक' यात उपमेय वरचढ ठरलं, हा व्यतिरेक. आणि 'त्याचा राग त्याच्या रागासारखाच'? 'सारखा' आहे, पण दुसरी वस्तूच नाही. हा अनन्वय, आणि इथेच भलेभले फसतात.

'विस्तव रुसून राखेत तोंड लपवून बसला' यात कुणाशीच तुलना नाही, निर्जीवाला माणसासारखं वागवलं आहे. ती चेतनगुणोक्ती.

खरी कसोटी लागते ती 'मुखकमळ'सारख्या समासात. कमळासारखं मुख म्हणावं, की मुख हेच कमळ? समास दोन्हीकडे झुकतो. अशा वेळी क्रियापद पाहा. 'तिचं मुखकमळ हसलं' म्हटलं तर हसणं हे मुखाचं काम, म्हणजे मुख प्रधान आणि कमळ तुलनेपुरतं: उपमा. 'तिचं मुखकमळ उमललं' म्हटलं तर उमलणं कमळाचं. मुखाने कमळाचं रूपच घेतलं: रूपक. 'चरणकमळ', 'मुखचंद्र' हे समास कवितेत भेटले की एकट्या शब्दावर निकाल देऊ नका, ओळ पूर्ण वाचा आणि त्यातली क्रिया कुणाची आहे ते विचारा.