ॲडव्हान्स्ड कॅल्क्युलसचं पुस्तक विकत घेण्याआधी

आधी अभ्यासक्रमाचा कागद समोर घ्या, पुस्तकांची नावं नंतर. ‘ॲडव्हान्स्ड कॅल्क्युलस’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या जातीची पुस्तकं विकली जातात. एकात पार्शल डेरिव्हेटिव्ह, दुहेरी-तिहेरी इंटिग्रल, ग्रीन आणि स्टोक्स यांची प्रमेयं असतात आणि सगळा भर गणितं सोडवण्यावर असतो. दुसरं वास्तव संख्यांच्या गुणधर्मांपासून सुरू होतं आणि प्रत्येक विधानाची सिद्धता मागतं; याच विषयाला ॲनालिसिसही म्हणतात. सीएसआयआर-नेट या संशोधन-प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या अभ्यासक्रमात रेषीय रूपांतर म्हणून डेरिव्हेटिव्ह, इन्व्हर्स आणि इम्प्लिसिट फंक्शनची प्रमेयं स्पष्ट लिहिलेली आहेत, तेव्हा नेट द्यायची असेल तर पहिल्या जातीचं पुस्तक एकटं पुरणार नाही. कॉलेजचा पेपर असेल तर नेमलेल्या पुस्तकाची कोणती प्रकरणं लावली आहेत तेही शिक्षकांना विचारून घ्या.

मग स्वतःची तयारी तपासा. वही उघडून, काहीही न बघता, क्ष² हे फंक्शन २ या बिंदूला कंटिन्युअस आहे हे एपसिलॉन-डेल्टाने, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येने, सिद्ध करा. अडलात तर एका चलाच्या पुस्तकापासूनच सुरुवात करा, त्यात कमीपणा काहीच नाही. दुसरी गोष्ट लिनियर अल्जिब्रा. अनेक चलांच्या प्रकरणात डेरिव्हेटिव्ह म्हणजे एक रेषीय रूपांतर असतं. मॅट्रिक्स आणि रूपांतर यांचं नातं पक्कं नसेल तर कितीही चांगलं पुस्तक तिथे अवघड वाटेल आणि दोष विनाकारण पुस्तकाला जाईल. आधी तेवढा भाग उरकून घ्या.

आता पुस्तक हातात घ्या, पण प्रस्तावनेवरून मत बनवू नका. तीन ठिकाणी उघडून बघा. पहिलं ठिकाण इंटरमीजिएट व्हॅल्यू प्रमेय: कंटिन्युअस फंक्शन ऋणाचं धन होत असेल तर मध्ये कुठेतरी शून्य होतंच. फक्त परिमेय संख्यांवर काम केलं तर क्ष² − २ ऋणाचं धन होतं, पण शून्य कुठेच होत नाही. प्रमेय खरं ठरतं ते वास्तव संख्यांच्या पूर्णतेमुळे, म्हणजे त्यांच्यात फटी नसल्यामुळे. सिद्धतेत सुप्रीमम (संचाची सर्वांत लहान वरची मर्यादा) किंवा त्याच्या तोडीचं काही वापरलेलं दिसायला हवं. नुसती आकृती काढून ‘हे उघड आहे’ असं लिहिलं असेल तर ते पुस्तक या कामाचं नाही.

दुसरं ठिकाण युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, म्हणजे फंक्शनांची मालिका सगळ्या बिंदूंवर एकसारखी लिमिटच्या जवळ जाणं. ० ते १ या अंतरावर क्षⁿ ही फंक्शनं सगळी कंटिन्युअस, पण त्यांची लिमिट १ पाशी तुटते. हे उदाहरण बहुतेक पुस्तकांत सापडेल. ते व्याख्येच्या आधी येतं की नंतर, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी येत असेल तर ही व्याख्या कशासाठी लागली हे वाचणाऱ्याला कळतं, आणि एकट्याने शिकणाऱ्याला हे सांगायला दुसरं कोणी नसतं.

तिसरं ठिकाण सगळ्यात मोलाचं: दोन चलांचं डिफरन्शिएशन. क्ष²य ÷ (क्ष⁴ + य²) हे फंक्शन घ्या, मूळबिंदूला किंमत शून्य ठेवा. कुठल्याही सरळ रेषेवरून मूळबिंदूकडे आलात तर किंमत शून्याकडे जाते. प्रत्येक दिशेचा डेरिव्हेटिव्हही मिळतो. पण य = क्ष² या वक्रावरून या, मूळबिंदू सोडून किंमत सगळीकडे १/२ राहते, म्हणजे फंक्शन तिथे कंटिन्युअससुद्धा नाही. असं उदाहरण पुस्तकात नसेल, तर प्रत्येक दिशेचा डेरिव्हेटिव्ह असण्यापलीकडे आणखी काय हवं हे तुम्हाला कधीच नीट कळणार नाही. माझ्या मते पुस्तकाची खरी पारख इथेच होते.

नावं सांगायची तर रूडिनचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल ॲनालिसिस’ (१९५३, तिसरी आवृत्ती १९७६) सगळे सुचवतात. पहिली सात प्रकरणं अतिशय रेखीव आहेत, पण सिद्धता आटोपशीर आणि उदाहरणं मोजकी. अनेक चलांची नववी-दहावी प्रकरणं पहिल्या वाचनाला मी सुचवणार नाही. एकट्याने सुरुवात करणाऱ्याला बार्टल आणि शेरबर्ट यांचं ‘इंट्रोडक्शन टू रिअल ॲनालिसिस’ बरं. निवडक प्रश्नांना सूचना दिलेल्या आहेत, मात्र ते एका चलापुरतं आहे. आयआयटी मुंबईचे घोरपडे आणि लिमये यांची दोन पुस्तकं (२००६ आणि २०१०) आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी जरूर बघावीत. दुसरं पुस्तक मुख्यतः दोन चलांवर थांबून एका चलाशी सतत तुलना करतं, त्यामुळे तिसऱ्या कसोटीला ते फार उपयोगी पडतं. टेरेन्स टाओची दोन भागांतली पुस्तकं नैसर्गिक संख्यांपासून सगळं उभं करतात. वेळ हाताशी असेल तर त्यांच्यासारखा सोबती नाही, पेपर तोंडावर आला असेल तर नको. स्पिव्हाकचं ‘कॅल्क्युलस ऑन मॅनिफोल्ड्स’ दीडशेही पानांचं नाही, पण जाडी बघून ते पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका.

पैशांची अडचण असेल तर यिर्झी लेब्लचं ‘बेसिक ॲनालिसिस’ लेखकानेच मोफत उपलब्ध केलं आहे. दुसऱ्या भागात अनेक चलंही आहेत. जुनं पुस्तक घेताना आवृत्ती बघा, कारण प्रश्नांचे क्रमांक बदलतात आणि वर्गात सांगितलेला स्वाध्याय दुसराच निघतो. छपाईही तपासा: पुसट झालेला घातांक पूर्ण संध्याकाळ खातो.

स्वाध्यायांच्या बाबतीत वर्गातला आणि घरचा अभ्यास वेगळा. शिक्षक वही तपासणार असतील तर उत्तरं नसलेलं पुस्तक चालतं, किंबहुना चांगलंच. एकट्याने शिकताना मागे सूचना हव्यात, आणि तुमची सिद्धता वाचून ‘ही पायरी कशी आली?’ असं विचारणारं एक माणूस हवं. सीनियर असो वा मैत्रीण, ते पुस्तकाआधीच ठरवून ठेवा.

मुख्य पुस्तक एकच ठेवा, दुसरं फक्त अडल्यावर उघडायला. घेण्याआधी वाचनालयातून आणून एक पूर्ण प्रकरण करून बघा. सिद्धता वाचून पुस्तक मिटा आणि ती स्वतः लिहा. प्रकरणाअखेरच्या प्रश्नांपैकी निदान अर्धे स्वतःच्या बळावर हलत असतील तर ते पुस्तक तुमचं. एकही हलत नसेल तर एक पायरी खालचं घ्या आणि हे पुस्तक सहा महिन्यांनी पुन्हा उघडा.