आरएसएस रीडर लावला आणि आठवड्यात कंटाळलात? या चुका टाळा

गूगल डिस्कव्हरवर एकच फोन दहा वेळा ‘लीक’ होतो आणि कामाची बातमी मात्र निसटते. याला वैतागून अनेक टेकप्रेमी आता आरएसएसकडे वळताहेत. म्हणजे आवडत्या साइट स्वतः निवडायच्या, आणि त्यांच्या नव्या लेखांची यादी (फीड) ‘रीडर’ ॲपमध्ये आपोआप येते. पद्धत १९९९ सालची, पण ती नव्याने शोधणारे बरेच आहेत. फीडली, इनोरीडर, आयफोन-मॅकवर नेटन्यूजवायर, अँड्रॉइडवर फीडर, असे पर्याय भरपूर. तरी आठवड्याभरात निम्मे लोक पुन्हा डिस्कव्हर चाळताना दिसतात.

त्याचं मुख्य कारण म्हणजे पहिल्याच दिवशी केलेली हावरट भरती. द व्हर्ज, एनगॅजेट, अँड्रॉइड अथॉरिटी आणि वर दोन-चार न्यूज पोर्टलचे टेक विभाग. संध्याकाळपर्यंत न वाचलेल्या बातम्यांचा आकडा शेकड्यांत जातो आणि तो बघूनच ॲप उघडायची इच्छा मरते. दिवसभर बातम्या ओतणारी साइट एकच ठेवा. बाकीच्या जागा कमी पण नेमकं लिहिणाऱ्यांना द्या. सायबर सुरक्षेत रस असेल तर ब्रायन क्रेब्स यांचं ‘क्रेब्स ऑन सिक्युरिटी’ घ्या, लेख मोजके पण पक्के. हॅकर न्यूज (टेकप्रेमी लिंक टाकतात आणि गुण देतात अशी साइट) आवडत असेल तर त्याची सगळी धार अंगावर घेऊ नका. एचएनआरएसएस ही सेवा वापरली तर ठरावीक गुण, समजा १००, ओलांडलेल्याच लिंक फीडमध्ये येतात. आणि ‘मार्क ऑल ॲज रीड’ हे बटण दाबायला लाजू नका. बातम्या म्हणजे गृहपाठ नव्हे.

दुसरी चूक: ‘या साइटला फीडच नाही’ असं ठरवून मोकळं होणं. साइटवरचं आरएसएसचं केशरी चिन्ह गायब झालं, फीड बहुधा जागेवरच असतं. वर्डप्रेस किंवा सबस्टॅक या ब्लॉग-न्यूजलेटर सेवांवरची साइट असेल तर मुख्य पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजी अक्षरांत ‘फीड’ लिहून बघा. सबरेडिट (रेडिटवरचा विषयवार गट) आणि ट्विटरसारख्या मॅस्टोडॉनवरच्या प्रोफाइलच्या पत्त्यापुढे ‘डॉट आरएसएस’, तसल्याच ब्लूस्कायच्या प्रोफाइलला ‘स्लॅश आरएसएस’. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ॲपच्या रिलीजेस पानाला ‘डॉट ॲटम’ जोडलं की आवडत्या ॲपची नवी आवृत्ती बातमी होण्याआधीच कळते. माझ्या मते आरएसएसचा सगळ्यात दुर्लक्षित फायदा हाच. यूट्यूब चॅनेलचा पत्ता बहुतेक रीडर थेट घेतात. नाहीच घेतला तर चॅनेलच्या माहितीत ‘शेअर चॅनेल’मधून चॅनेल आयडी कॉपी करून रीडरमध्ये टाकून बघा.

लेखाच्या दोनच ओळी दिसतात? रीडर बिघडलेला नाही, साइटच तेवढं देते. फीडर आणि नेटन्यूजवायर या दोन्हींत पूर्ण लेख आणायची सोय आहे. ती त्या एका फीडपुरती चालू करता येते.

बातम्या उशिरा येत असतील तर आधी फोनकडे बघा. अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ॲपचं मागचं काम थांबवतो. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. शाओमी, विवोसारख्या फोनवर ऑटोस्टार्टची परवानगीही द्यावी लागते.

फीड्सची यादी एकाच सेवेच्या भरवशावर सोडणं महागात पडतं. गूगलचा स्वतःचा आरएसएस रीडर, ‘गूगल रीडर’, १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हा ज्यांनी यादी उतरवून ठेवली ते दुसरीकडे सुखाने गेले. सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट ओपीएमएल’ असतं, त्यातून यादीची फाइल मिळते. ती छोटी फाइल अधूनमधून ड्राइव्हवर टाका.

आता एआय सारांश. डिसेंबर २०२४ मध्ये आयफोनच्या सूचना-सारांशाने बीबीसीच्या नावावर चक्क खोटी बातमी दाखवली होती. बीबीसीने तक्रार केली आणि जानेवारीत ॲपलला बातम्यांचे सारांश थांबवावे लागले. सारांश वाचून लेख उघडायचा की नाही ते ठरवा, पण ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.

मथळ्यांचंही तेच. २९ मार्च २०२४ रोजी सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड युटिल्स या लिनक्समध्ये फाइल दाबून लहान करायला वापरल्या जाणाऱ्या साधनातला छुपा दरवाजा उघड केला, तेव्हा मथळ्यांवरून सगळं लिनक्स धोक्यात असल्यासारखं वाटत होतं. प्रत्यक्षात ५.६.० आणि ५.६.१ याच आवृत्त्या बाधित होत्या, आणि त्या मुख्यतः डेबियन अनस्टेबल, फेडोरा रॉहाइड अशा चाचणीच्या वितरणांत (डिस्ट्रोंत, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांत) पोचल्या होत्या. फ्रॉइंड यांच्या मूळ संदेशात आवृत्त्यांचे आकडे होतेच. लिनक्स वापरत असाल तर तुमच्या वितरणाचं सुरक्षा-सूचनांचं फीड आजच यादीत टाका.