ठासणीची बंदूक धुताना दस्ता काळा पडतो? या चुका टाळा

बाबांच्या बंदुकीच्या दस्त्यावर, नळी आणि लाकूड जिथं भेटतं तिथं, बोटभर रुंद काळा पट्टा पडला होता. तो माझ्याच हातून पडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीच्या आमच्या धानपट्ट्यात रानडुकरांपायी जागल चुकत नाही, आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायची बंदूक अजून काही घरांत आहे. जागलीहून आल्यावर मी नळीत गरम पाणी ओतलं, ते निपलमधून (नळीच्या बुडाशी टोपी बसते त्या भोकाच्या बोंडीतून) बाहेर आलं, वरवर पुसलं आणि बंदूक खुंटीला लावली. पंधरा दिवसांनी पट्टा दिसला. बाबांनी शिसमाचा तो दस्ता वर्षानुवर्षं हातानं तेल चोळून राखला होता, म्हणून मला फार लागलं.

बंदूक हाती घेतल्यावर आधी ती रिकामी आहे का बघा. निपलवरची टोपी काढा, गज (दारू ठासायची सळई) नळीत तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी खूण करा. मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. खूण तोंडाशी धरून गजाचं टोक निपलपाशी पोचत नसेल तर आत बार (भरलेली दारू) आहे, तिथंच थांबा आणि परवानाधारक कारागिराकडे न्या.

डाग बंदुकीच्या दारूचा असतो, हा समज चुकीचा

काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून मागं राहतो. या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढतात. म्हणून नळी त्याच दिवशी पाण्यानंच धुवावी लागते; नुसत्या तेलानं क्षार विरघळत नाहीत. पण ते घाण पाणी दस्त्याच्या खाचेत शिरलं की लोखंड गंजतं, आणि तो गंज लाकडातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) मिळून काळा होतो. लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडी काळ्या पडतात ना, अगदी तेच. म्हणून हा डाग साबणानं निघत नाही. तो लाकडावर बसलेला नसतो, लाकडात तयार झालेला असतो.

खरी चूक म्हणजे पाणी कुठं जातं याकडे न बघणं. नळी दस्त्यातून सुटी होत असेल तर ती काढूनच धुवा. जुन्या बंदुकांत पट्टे किंवा खिळे घट्ट बसलेले असतात. ते ठोकून काढू नका, लाकूड चिरतं. अशा वेळी घोडा आणि निपल यांच्यामध्ये चामड्याचा तुकडा दाबून निपल बंद करा. तोंडातून थोडं कोमट साबणपाणी घाला, तोंड अंगठ्यानं बंद करून हलवा आणि पाणी तोंडातूनच ओता. दोन-तीनदा करा, मग साधं पाणी. निपलमधूनच पाणी काढायचं असेल तर त्यावर घट्ट बसणारी रबरी नळी लावून तिचं टोक बादलीत सोडा. दोन्ही वेळा दस्त्याला प्लॅस्टिक गुंडाळा आणि नळीच्या कडेनं टेप लावा. टेप काम झाल्यावर लगेच सोडवा, रात्रभर राहिला तर पॉलिश उचलतो.

नळी सुटी होत असेल तर कोरड्या खाचेत वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात द्या. हे मी आधी केलं असतं तर पट्टा पडलाच नसता.

डाग कोणता ते ओळखा, मग हात लावा

पांढुरकं धुकं आलं असेल तर दस्त्यावर चपडीचं (लाखेचं) पॉलिश आहे आणि गरम पाण्यानं वाफ धरली आहे. दोन दिवस सावलीत ठेवा, बरेचदा आपोआप जातं. उरलंच तर स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा एकदाच हलका फिरवा. घासलं तर पॉलिशच निघतं.

काळपट, तेलकट, बोटाला मऊ लागणारं लाकूड म्हणजे तेल जास्त झालं. बंदूक तोंड वर करून ठेवली की नळीतलं तेल उतरत उतरत दस्त्याच्या मानेत मुरतं. खडूची पांढरी भुकटी थिनरमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झाडा, पुन्हा द्या. चार-पाच लेप लागतात. हे उघड्यावर, चुलीपासून आणि बिडीपासून लांब करा.

खरा काळा डाग मात्र ऑक्झॅलिक अॅसिडनंच उतरतो. पेंटच्या दुकानात स्फटिक मिळतात. हे विष आहे: हातमोजे घाला, मुलं आणि जनावरं दूर ठेवा, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. आधी सगळं लोखंड काढा. ते घरी निघत नसेल तर हे काम कारागिराकडेच द्या. मग जुनं पॉलिश पूर्ण उतरवा, नाहीतर द्रावण आत जात नाही. एक लिटर कोमट पाण्यात साधारण 50 ग्रॅम, प्लॅस्टिकच्या भांड्यात. ब्रशनं अख्ख्या दस्त्याला लावा. मी पहिल्यांदा फक्त डागावर लावलं आणि काळ्याऐवजी फिकट चट्टा मिळाला. डाग फिकटला की स्वच्छ पाण्यानं तीन-चारदा धुवा. न धुता वाळलं तर उरलेली पूड घासताना नाकात जाते.

वाळवायला उन्हात ठेवू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, दस्ता तडकायला एक दुपार पुरते. सावलीत तीन दिवस द्या. मग 220 आणि 320 नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनं फिरवा. लोखंडावरच्या नंबराला किंवा छापाला पेपर अजिबात लावू नका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 नुसार ओळखखूण पुसणं गुन्हा आहे.

ब्लीचिंग पावडरनं लोखंडाचा डाग जात नाही, लाकूड मात्र खराब होतं. लिंबू-मीठ पितळेसाठी ठीक, पण मीठ फटीत राहिलं की नवा गंज सुरू.

जवसाचं तेल, पण कोणतं?

आमच्या बांध्यांत धानामागून जवस होतोच, म्हणून लोक घाण्याचं तेल सरळ चोळतात. कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, धूळ धरतं, पावसाळ्यात बुरशी येते. घरी कढवूनही तो गुण येत नाही. दुकानातलं बॉइल्ड जवस तेल घ्या, त्यात लवकर वाळवणारं द्रव्य असतं. चार थेंब तळहातावर घेऊन जिरवा, जास्तीचं पंधरा मिनिटांत पुसा, पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. पाच-सहा पातळ हात द्या.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. तणसाच्या ढिगाजवळ तर नकोच. तारेवर मोकळं पसरा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

बंदूक तोंड खाली करून ठेवा, तोंडाखाली फडकं घाला. निवडणुकीत ठाण्यात जमा करायची असेल तर आदल्या दिवशी कोरडी करून नळीला तेलाचा हलका हात द्या, आणि परत मिळाली की त्याच संध्याकाळी नळी-दस्त्याची फट पाहा.