कॉम्प्युटरची पदवी घेऊन सैन्यात अधिकारी व्हायचंय?

मुंबईत कॉम्प्युटर किंवा आयटी शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांना सैन्याधिकारी होण्यासाठी एनडीए आणि सीडीएस या लेखी परीक्षा एवढंच माहीत असतं. पण लष्कराच्या टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्ससाठी, एसएससी (शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी) टेक्निकलसाठी आणि नौदलाच्या एसएससी आयटीसाठी लेखी परीक्षा नाही. गुणांवरून यादी लागते आणि थेट एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडीच्या काही दिवस चालणाऱ्या चाचण्या आणि मुलाखतींचं, बोलावणं येतं. हवाई दलासाठी मात्र एएफकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते: १०० प्रश्न, ३०० गुण, दोन तास, चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा. शिवाय तिथल्या तांत्रिक शाखेसाठी बारावीच्या फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हींत किमान ५० टक्के लागतात. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला आलेल्यांनी आपल्याला काय लागू होतं ते जाहिरातीत आधी वाचावं.

सर्वाधिक अर्ज अडकतात ते कागदांवर. लष्कराच्या जाहिरातीत चालणाऱ्या शाखांची यादी असते आणि पदवीवरचं नाव त्या यादीशी तंतोतंत जुळावं लागतं. ‘जवळपास तेच’ चालत नाही. हल्ली कॉलेजांत एआय, डेटा सायन्स अशा नावांच्या शाखा निघाल्यात. तुमची शाखा तशी असेल तर अर्ज भरण्याआधी यादीतली ओळ शोधा. कॉलेजने ‘आमची शाखा कॉम्प्युटरसारखीच’ असं पत्र दिलं तरी त्यावर विसंबू नका.

दुसरी अडचण टक्क्यांची. लष्कराच्या अर्जात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे सहाव्या सेमिस्टरपर्यंतचे एकत्रित गुण धरतात. सीजीपीएचे टक्के विद्यापीठाच्या अधिकृत सूत्रानेच काढायचे आणि त्याचा दाखला वेळेत मागून ठेवायचा. नेटवरचं दहाने गुणायचं गणित अर्जात घालू नका. पडताळणीत आकडा जुळला नाही की उमेदवारी जाते. निवड झाल्यावर शेवटच्या दोन सेमिस्टरमध्ये गुण घसरून एकूण टक्के कटऑफच्या खाली गेले तरी तेच होतं. केटी राहिली तर विषयच संपला.

एसएसबीचं केंद्र मुंबईत नाही. लष्करासाठी भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज अशा ठिकाणी जावं लागतं. त्या प्रवेशप्रकारासाठी पहिल्यांदाच जात असाल तर रेल्वेचं भाडं परत मिळतं, म्हणून तिकीट जपून ठेवा. पहिल्याच दिवशी चाळणी असते: बुद्धिमापन चाचणी, मग ३० सेकंद चित्र पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा करायची. बरेच जण इथूनच घरी परततात, कारण चर्चेत सगळे एकदम बोलतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. आपली गोष्ट एका मिनिटात, आवाज न चढवता सांगायचा सराव करा. टिकलात तर पुढे १५ सेकंदांना एक असे ६० शब्द येतात आणि प्रत्येकावर एक वाक्य लिहायचं असतं. पाठ केलेली वाक्यं तिथे लगेच उघडी पडतात.

अंगाची तयारी आजच सुरू करा. लष्कराच्या टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सला प्रशिक्षणासाठी रुजू होताना २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत, ४० पुशअप, ३० सिटअप आणि ६ पुलअप अपेक्षित असतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना अवघड जातात ते पुलअप. बागेतल्या ओपन जिमचा बार पुरतो, पण दोनावरून सहावर यायला काही महिने लागतात.

आता मनाशी नीट ठरवायची गोष्ट. तुम्ही आधी अधिकारी असता, मग इंजिनिअर. लष्करात सिग्नल्स (दळणवळण सांभाळणारी शाखा) मिळेलच असं नाही, ईएमई (यंत्रसामग्रीची देखभाल करणारी शाखा) किंवा इंजिनिअर्सही मिळू शकतं. सिग्नल्स मिळालं तरी मध्य प्रदेशातल्या महूच्या लष्करी दूरसंचार संस्थेतून शिकून आल्यावर रोजचं काम असतं जवानांची तुकडी सांभाळणं, नेटवर्क चालू ठेवणं आणि त्याची सुरक्षा बघणं. दिवसभर कोडच लिहायचा असेल तर गेट देऊन डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ व्हा. ती नोकरी नागरी आहे आणि बेंगळुरूची केअर ही प्रयोगशाळा कृत्रिम बुद्धिमत्तेवरही काम करते.

टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सचं एसएसबी बोलावणं हातात आलं की मुंबई शहर किंवा उपनगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य सरकार एसएसबीची तयारी विनामूल्य करून घेतं, राहण्याजेवणासकट. क्लासला हजारो रुपये भरण्याआधी तिथल्या पुढच्या तुकडीची तारीख विचारा.