ग्रामसभेत वाक्य कुठे संपवावं

मुद्दा वहीत लिहा, तारखा तपासा, पुढे बसा. उभं राहिल्यावर नाव आणि वस्ती सांगा. इथपर्यंत सगळ्यांना जमतं.

"आत्मविश्वासाने बोला" हा सल्ला मात्र मला आता ऐकवत नाही. करायचं काय, ते त्यात कुठेच नसतं. माझी पहिली तक्रार अशी होती: "मला जरा असं वाटतंय, म्हणजे चुकत असेन तर सांगा, पण पाणी बहुतेक आठ-दहा दिवसांनी येतं ना?" नळ अकरा दिवस कोरडा होता, तारखा माझ्याच वहीत होत्या. इतिवृत्तात आलं, "पाण्याबाबत चर्चा झाली."

अमेरिकेत कोर्टातल्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या विल्यम ओ'बार आणि सहकाऱ्यांनी एकच साक्ष लोकांना दोन तऱ्हांनी ऐकवली; तो प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. अडखळत, "बहुधा, म्हणजे" करत दिलेली साक्ष ऐकणाऱ्यांना कमी विश्वासार्ह वाटली. मजकूर तोच होता. ही बायकांचीच सवय, असं कोणी म्हणालं तर मानू नका. कोर्टाची सवय नसलेले, समाजात खालच्या पायरीवर ठेवलेले पुरुषही तिथे असेच बोलताना आढळले.

खरी अडचण वाक्याच्या शेवटी येते. "आमच्या वस्तीत अकरा दिवस पाणी नाही." इथे तोंड मिटा आणि मनात दोन आकडे मोजा. त्या शांततेत जीभ "ना?", "असं आपलं" म्हणायला धावते. मला ती आवरायला चार ग्रामसभा लागल्या. घरी फोनवर रेकॉर्ड करून ऐका, शेपूट लगेच कळतं.

"अगदी खूपच त्रास होतो" हेही काढा. "सासूबाई दीड किलोमीटरवरून हंडा आणतात" एवढं सांगा.

पण आदर काढू नका. "सरपंचताई", "अहो" राहू द्या. मान देणं वेगळं, कच खाणं वेगळं. आवाज चढवायचीही गरज नाही. आणि जे माहीत नाही ते एकदाच, सरळ सांगा: "पाइप कुठे फुटला ते मला माहीत नाही. अकरा दिवस पाणी नाही, हे माहीत आहे."

मग मागणी: "उद्यापासून टँकर पाहिजे. हे इतिवृत्तात लिहा आणि वाचून दाखवा." वाचून होईपर्यंत खाली बसू नका.