आठवड्याची चालू बेरीज जानेवारीत का कोसळते? या चुका टाळा

आमच्या जिनिंगचा (कापसातली सरकी वेगळी करणारा कारखाना) कापूस खरेदीचा रिपोर्ट मी पॉवर बीआय या आलेख-रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला. दिवाळीपासून नाताळापर्यंत सगळं सुरळीत होतं. 4 जानेवारी 2025 च्या शनिवारी शेटजींनी आलेख उघडला, तर "आजवरची खरेदी", म्हणजे दर आठवड्याला मागच्यात भर घालत जाणारी चालू बेरीज, डिसेंबरअखेर डोंगराएवढी आणि लगेच पुढे भुईसपाट.

"तुमचा कम्प्युटर कापूस खाते काय हो?"

कापूस गंजीतच होता, घोळ माझा होता. आठवड्याचा नंबर मी वीकनम फंक्शनने काढला होता, आणि ते दर 1 जानेवारीला पुन्हा एकपासून मोजायला लागतं. 29 डिसेंबरला रविवार होता. त्यामुळे रविवार ते मंगळवार गेले 53व्या आठवड्यात आणि बुधवार ते शनिवार पहिल्या आठवड्यात. एका आठवड्याची दोन शकलं! त्यात बेरजेची अट होती "या नंबरपर्यंतचे सगळे आठवडे". म्हणजे जानेवारीचा कापूस ऑक्टोबरच्याही आधी येऊन बसला.

नंबर दाखवायला ठेवा, बेरीज तारखेवर करा. तारखांच्या टेबलात "आठवड्याची सुरुवात" असा कॉलम घ्या: तारखेतून वीकडे फंक्शनचा आकडा (प्रकार 2, म्हणजे सोमवार 1 ते रविवार 7) वजा करून एक मिळवला की त्या आठवड्याचा सोमवार मिळतो, मग मध्ये वर्ष बदलो की काही होवो. गावचा हिशेब मंगळवारच्या बाजारावर चालत असेल, तर आधी तारीख एक दिवस मागे घ्या, तिचा सोमवार काढा आणि एक दिवस मिळवा. आमचे चुकारे बाजाराच्या दिवशी होतात, म्हणून मी तसंच केलं. मग अट लावून बेरीज करणाऱ्या कॅल्क्युलेट फंक्शनमध्ये अट एवढीच: तारीख हंगामाच्या 1 ऑक्टोबरपासून समोरच्या आठवड्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. टोटलवायटीडी (वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणारं तयार फंक्शन) वापरत असाल तर वर्षअखेर म्हणून 30 सप्टेंबर द्या, नाहीतर तेही 31 डिसेंबरला पाटी कोरी करतं.

बेरीज वाढतच नाही, प्रत्येक ओळीत फक्त त्याच आठवड्याचा आकडा दिसतो? आठवड्याचं नाव दुसऱ्या कॉलमने क्रमाला लावलेलं असतं. तुम्ही नावावरचा फिल्टर काढता, पण क्रमाच्या कॉलमचा फिल्टर तसाच राहतो. यात माझे दोन दिवस गेले. तारखांचं टेबल सलग करून "डेट टेबल" म्हणून मार्क करा, म्हणजे तारखेवर अट लावली की त्या टेबलातले बाकीचे फिल्टर आपोआप निघतात. सलग म्हणजे काटा बंद असलेले रविवारसुद्धा हवेत. नुसत्या पावत्यांवरून टेबल बनवू नका.

भावाची चालू बेरीज तर कधीच करू नका, आणि आठवड्यांच्या सरासऱ्यांची सरासरीही नको. समजा एका आठवड्यात 100 क्विंटल 7,000 ने घेतला, पुढच्यात 900 क्विंटल 7,400 ने. दोन भावांची सरासरी 7,200 येते. खरा पडता (वजन धरून क्विंटलमागे पडलेला भाव) 7,360. क्विंटलमागे 160 रुपयांची ही फसगत जिनिंगवाल्याला परवडत नाही. रकमेची चालू बेरीज वेगळी, वजनाची वेगळी, आणि शेवटी भागाकार.

हंगाम संपायच्या आधीच रेघ सप्टेंबरपर्यंत आडवी पळत असेल, तर शेवटच्या खरेदीच्या तारखेनंतर माप (मेझर, म्हणजे बेरजेचं सूत्र) रिकामं ठेवा. एक्सेलमधून येणाऱ्या 05/11 कडेही लक्ष असू द्या: लोकेल (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ती सेटिंग) अमेरिकेचं असेल तर 5 नोव्हेंबरचा 11 मे होतो.

एवढं करून शेवटची ओळ काट्यावरच्या वहीशी ताडून बघा. आमच्यात तरीही 38 क्विंटलचा फरक निघाला. आठवड्याच्या शेवटच्या रात्री उशिरा आलेल्या गाड्या होत्या. वजन सोमवारी झालं होतं, पावती चढली मंगळवारी, आणि मी बेरीज नोंदीच्या तारखेवर लावली होती.